उत्पादक कंपनीचे संगणकीय दप्तर : अधिकार कोणाला आणि किती

दसरा जवळ आला म्हणजे मराठवाड्यात सोयाबीनच्या मळण्यांना वेग येतो आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या संकलन केंद्रांवर ट्रॅक्टरांच्या रांगा लागू लागतात. दिवस उजाडल्यापासून वजनकाटा चालू असतो, आर्द्रतामापकाने ओलावा पाहिला जातो, गोदामात पोत्यांची थप्पी चढत जाते आणि प्रत्येक खेपेची नोंद आता वहीऐवजी संगणकावर होते. याच घाईच्या दिवसांत एक प्रकार पुष्कळ ठिकाणी घडतो. काट्यावरचा मनुष्य हंगामापुरता घेतलेला, नवखा असतो; हिशेबनीस तालुक्याला गेलेला असतो; नोंद अडून राहते आणि रांगेतील शेतकऱ्यांचा धीर सुटू लागतो. मग कोणीतरी मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याचा पासवर्ड चिठ्ठीवर लिहून काट्याजवळच्या भिंतीस चिकटवितो. काम सुरळीत चालू होते. चिठ्ठी मात्र हंगाम संपला तरी तेथेच राहते.

या चिठ्ठीची किंमत किती, ते हिशेबाने पाहावे. समजा, एका केंद्रावर हंगामात ४,००० क्विंटल सोयाबीन आले, आणि ज्याला वजनाची नोंद मागाहून बदलता येते अशा कोणी प्रत्येक क्विंटलमागे केवळ १ किलो कमी दाखविले. एवढी घट सुकवणीच्या नावाखाली सहज खपून जाते. तरी एकूण फरक ४० क्विंटलांचा होतो. सन २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र शासनाने सोयाबीनचा आधारभूत दर क्विंटलला ५,३२८ रुपये जाहीर केला होता. त्या दराने ही रक्कम २ लक्ष १३ हजार १२० रुपये होते. हा पैसा सभासदांचा आहे, आणि तो कोणाच्या हातून गेला हे शोधू गेल्यास दप्तरात सर्वत्र एकच नाव दिसते, ते म्हणजे मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याचे. बिचारा त्या दिवशी कदाचित मुंबईस बैठकीला गेलेला असेल.

कागदी दप्तराच्या काळी या बाबतीत आपल्याकडे चांगली शिस्त होती, याचे विस्मरण होऊ नये. गावच्या महसुली दप्तरात तलाठी, ज्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, फेरफाराची नोंद घेतो. ती प्रमाणित करण्याचे काम मात्र मंडल अधिकाऱ्याचे असते. ज्याने लिहिले त्यानेच खरे ठरवावे, असे तेथे चालत नाही. तसेच तलाठ्याची बदली झाली म्हणजे दप्तराचा ताबा नव्या माणसाकडे जातो आणि जुन्या माणसास त्या सज्जाच्या सातबाऱ्यावर एक अक्षरही लिहिता येत नाही, मग त्याची तेथे वीस वर्षे का झाली असेनात. अधिकार पदाचा असतो, व्यक्तीचा नसतो, हे तत्त्व शेतकऱ्याला नवीन नाही. संगणक आला तेव्हा घाईगर्दीत ते मागे पडले, इतकेच.

गणकशास्त्रातही हा विचार बराच जुना आहे. सन १९७५ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील जेरोम सॉल्ट्झर व मायकेल श्रोडर यांनी संगणकातील माहितीच्या संरक्षणाविषयी एक विस्तृत निबंध प्रसिद्ध केला. प्रत्येकास त्याचे काम उरकण्यापुरताच अधिकार असावा, अधिक नसावा, हे त्यातील एक प्रमुख सूत्र होते. पुढे १९९२ मध्ये डेव्हिड फेरायोलो व रिचर्ड कुन यांनी अधिकार माणसाला न देता भूमिकेला द्यावेत आणि माणसास त्या भूमिकेत बसवावे, ही पद्धती शास्त्रशुद्ध रीतीने मांडली. आज बहुतेक मोठ्या संगणकप्रणाली याच पायावर उभ्या आहेत.

कायदा काय सांगतो

उत्पादक कंपनीची तरतूद आपल्या कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने आली. अशा कंपनीस पाच ते पंधरा संचालक असतात, पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारी नेमावा लागतो आणि तो सभासदांपैकी असता कामा नये. सभासदांनी निवडलेले संचालक मंडळ धोरण ठरविते व पगारी अधिकारी कारभार पाहतो, ही विभागणी कायद्यानेच केलेली आहे. संगणकातील अधिकारवाटपातही तीच दिसावयास हवी. प्रत्यक्षात पुष्कळदा अध्यक्षांच्या मुलाला संगणक चांगला येतो म्हणून सर्वाधिकार त्याच्याकडे असतात. मुलगा हुशार असेलही. तो कंपनीच्या कोणत्या पदावर आहे, एवढाच प्रश्न आहे.

दुसरी तरतूद अलीकडची असून तिच्याकडे लहान कंपन्यांचे अद्याप पुरेसे लक्ष गेलेले दिसत नाही. हिशेब संगणकावर ठेवणाऱ्या प्रत्येक कंपनीने, प्रत्येक व्यवहाराची व त्यात मागाहून केलेल्या प्रत्येक बदलाची तारखेसह आपोआप नोंद ठेवणारी प्रणालीच वापरली पाहिजे आणि ही नोंद कोणासही बंद करता येऊ नये, असा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. लेखापरीक्षकास आपल्या अहवालात याविषयी मत द्यावे लागते. उत्पादक कंपनी ही कंपनीच असल्याने तिलाही हा नियम बंधनकारक आहे. परंतु पाच माणसे एकाच नावाने प्रणालीत शिरत असतील, तर बदल केव्हा झाला एवढेच या नोंदीवरून कळेल. कोणी केला, ते कळणार नाही. म्हणजे नियमाचे अक्षर पाळले जाईल आणि हेतू मात्र फसेल.

एका प्रणालीचे उदाहरण

विषय नेमका समजावा म्हणून प्रत्यक्ष वापरातील एक प्रणाली उदाहरणादाखल घेतलेली बरी. २००८ साली मुंबईत सुरू झालेल्या व आज फ्रॅपे या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कंपनीची ‘ईआरपीनेक्स्ट’ ही प्रणाली खरेदी, गोदाम व हिशेब अशी कामे एकत्र सांभाळते. तिची मूळ संहिता खुली असून ती कोणासही वापरता व तपासता येते. अन्य प्रणालींत शब्द निराळे आढळतील. रचना साधारण अशीच असते.

या प्रणालीत अधिकाराचा मूळ घटक म्हणजे ‘रोल’. प्रत्येक रोलला कोणत्या प्रकारचा कागद पाहता येईल, नवा करता येईल, बदलता येईल, कायम करता येईल, रद्द करता येईल, छापता येईल किंवा बाहेर काढून नेता येईल, हे वेगवेगळ्या खुणांनी ठरविता येते. यांतील कायम करणे, म्हणजे ‘सबमिट’, ही क्रिया विशेष महत्त्वाची आहे. कच्चा कागद कितीही वेळा खोडता येतो. एकदा कायम झाला की त्यातील वजन, रक्कम वगैरे मुख्य मजकूर कोणासही सरळ बदलता येत नाही. तो रद्द करून त्याच्या जागी दुरुस्त प्रत करावी लागते आणि जुना क्रमांक मागे तसाच राहतो. पक्क्या शाईच्या पावतीपुस्तकासारखी ही व्यवस्था आहे. सबब, कायम करणे व रद्द करणे या दोन खुणा कोणाच्या हाती आहेत, यावर सगळा भरवसा अवलंबून राहतो.

समजा, एखाद्या कंपनीची औसा, निलंगा व रेणापूर अशी तीन संकलन केंद्रे असून मुख्य कार्यालय लातुरास आहे. काटेवाल्याने आवकपावती करावी, परंतु ती कच्चीच राहावी. गोदामपालाने पोती मोजून, ओलावा १२ टक्क्यांच्या आत आहे की नाही हे पाहून ती कायम करावी. हिशेबनिसाने कायम झालेल्या पावतीवरून खरेदीचे बिल व पैसे देण्याचा कागद तयार करावा. पैसे देण्याचा कागद कायम करण्याचा अधिकार मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याकडे असावा. रद्द करण्याची खूण तर यांपैकी पहिल्या तिघांकडेही असू नये. प्रणालीबरोबर तयार मिळणारे रोल जसेच्या तसे वापरण्याचा मोह पुष्कळांना होतो; ते मोठ्या कारखान्याचा विचार करून बेतलेले असून आपल्या गरजेहून पुष्कळदा सैल असतात. आपल्या पदांसाठी आपले चार रोल नव्याने करणे अधिक सोयीचे.

मंजुरीची साखळी प्रणालीतच बांधावयाची झाल्यास त्यासाठी ‘वर्कफ्लो’ नावाची सोय आहे. कागद कोणत्या अवस्थेतून कोणत्या अवस्थेत जाईल आणि तो पुढे ढकलण्याचा अधिकार कोणत्या रोलला असेल, हे तेथे लिहून ठेवता येते. येथे एक बारीक खूण हमखास नजरेतून सुटते. ज्याने कागद केला त्यालाच तो मंजूर करता यावा, ही मुभा प्रत्येक पायरीवर मुळात चालूच ठेवलेली असते. ती आठवणीने बंद करावी लागते. दोन पदांचे काम एकाच माणसाकडे असेल, आणि लहान कंपनीत ते असतेच, तर ही एक खूण बंद केल्याने निदान स्वतःचा कागद स्वतः मंजूर करणे थांबते.

पदांचा संच व नावांची यादी

तीन केंद्रांवर मिळून दहाबारा माणसे झाली की प्रत्येकाच्या नावापुढे वेगवेगळ्या खुणा करीत बसणे हे चुकीला निमंत्रण होय. निलंग्याच्या काटेवाल्याला एक अधिकार जास्त, औशाच्या काटेवाल्याला एक कमी, आणि असे का झाले ते कोणासच आठवत नाही, अशी स्थिती दोन हंगामांत येते. यासाठी ‘रोल प्रोफाइल’ म्हणजे पदाचा संच करावा. ‘काटेवाला’ या संचात लागणारे रोल एकदाच भरावेत आणि माणसाच्या नावापुढे केवळ त्या संचाचे नाव लिहावे. उद्या संचात बदल केला, तर त्या पदावरील सर्व माणसांचे अधिकार आपोआप त्याप्रमाणे बदलतात. नावापुढे संच लावल्यावर त्या माणसाच्या एकेका रोलची खूण हाताने बदलण्याची वाट बंद होते. ही अडचण वाटण्याचे कारण नाही. त्यामुळेच सर्वांचे अधिकार एकसारखे राहतात. अर्थात संचात चूक झाली तर तीही एका क्षणात सर्वांपर्यंत पोहोचते. म्हणून संच बदलणारा मनुष्य एकच असावा आणि हंगामाच्या ऐन भरात संचास हात लावू नये.

या ठिकाणी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. संच पद सांगतो, केंद्र सांगत नाही. औशाच्या काटेवाल्यास औशाचेच गोदाम दिसावे, हे बंधन ‘युजर परमिशन’ या वेगळ्या ठिकाणी, प्रत्येकाच्या नावावर स्वतंत्रपणे घालावे लागते. ते घालावयाचे राहून गेले, तर त्या माणसास काहीच दिसणार नाही असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात उलट घडते. बंधन नाही याचा अर्थ प्रणाली ‘सर्व मोकळे’ असा घेते आणि नवख्या काटेवाल्यास तिन्ही केंद्रांच्या पावत्या दिसू लागतात. रोल जितके वाढवावेत तितका अधिकार वाढत जातो, एका रोलने दिलेले दुसरा काढून घेत नाही. आवळण्याचे काम युजर परमिशनच करते. ज्याला ही दोन टोके समजली त्याला या विषयातील बरेचसे समजले, असे म्हणावयास हरकत नाही.

आणखी एक छिद्र राहते. पावतीत गोदामाचा रकाना कोराच राहिला असेल, तर ती पावती कोणत्याही एका केंद्राची नसल्याने सर्वांना दिसू शकते. प्रणालीच्या मुख्य मांडणीत बंधने काटेकोर लावण्याची एक खूण आहे; ती केल्यास कोरा रकाना असलेले कागद बंधन असलेल्या माणसास दिसेनासे होतात. ही खूण केल्यावर पहिले दोन दिवस “आमच्या पावत्या गेल्या कुठे” अशी ओरड होण्याचा संभव आहे. पावत्या कोठेही गेलेल्या नसतात. त्यांतील रकाने भरलेले नसतात. या निमित्ताने ते भरून घेतले जातात, हा लाभच समजावा. एका गोदामाखाली चार उपगोदामे नोंदविलेली असतील, तर मुख्य गोदामाचे बंधन घातल्याने खालची चारही त्यात येतात; प्रत्येकासाठी निराळी खूण करावी लागत नाही.

सभासदांच्या खाजगी माहितीचा प्रश्न याहून नाजूक आहे. बँक खात्याचा क्रमांक, आधार क्रमांक, दूरध्वनी ही माहिती शेतकरी विश्वासाने देतो. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा केंद्रीय कायदा २०२३ मध्ये संमत झाला असून घेतलेल्या माहितीची राखण करण्याची जबाबदारी ती घेणाऱ्यावर येते. काटेवाल्यास सभासदाचे नाव व क्रमांक पुरे. त्याचे बँक खाते पाहण्याची त्याला गरज नाही. प्रणालीत रकान्यांना पातळ्या देता येतात. खाते क्रमांकाच्या रकान्यास १ ही पातळी दिली आणि त्या पातळीचे वाचन केवळ हिशेबनिसाच्या रोलला दिले, म्हणजे तोच कागद उघडला तरी काटेवाल्यास तो रकाना दिसत नाही. सर्व सभासदांची यादी एका दमात बाहेर काढून नेण्याची खूणही, म्हणजे ‘एक्सपोर्ट’, गरज नसलेल्या रोलांवरून काढून टाकावी. अशी यादी व्यापाऱ्याच्या हाती पडल्यास पुढील हंगामात कोणत्या गावी कोणाकडे किती माल आहे हे त्यास घरबसल्या कळते. कंपनीचे सौदे मग कसे होतील, हे सांगावयास नको.

मूळ यादी एकच असावी

एवढी व्यवस्था करूनही ती दोन वर्षांत ढासळते, आणि तिचे कारण संगणकात नसून आस्थापनेच्या कपाटात असते. नोकरांची यादी एका ठिकाणी, पगारपत्रक दुसऱ्या ठिकाणी आणि प्रणालीतील नावे तिसऱ्या ठिकाणी, अशा तीन याद्या झाल्या की त्या एकमेकींशी जुळत नाहीत. कंपनीची मूळ यादी एकच असावी: नाव, पद, केंद्र, रुजू झाल्याची तारीख व काम सुटल्याची तारीख. प्रणालीतील नावे ही या यादीची सावली असावी. यादीत नाव चढल्याशिवाय प्रणालीत चढू नये आणि यादीतून उतरले की त्याच दिवशी प्रणालीतून उतरावे.

अनेक कंपन्या मिळून जिल्ह्याचा महासंघ केला असेल, स्वतःचा सर्व्हर असेल, तर हे काम यंत्राकडूनही करून घेता येते. संस्थेच्या सर्व माणसांची व गटांची एक मध्यवर्ती नामावली ठेवून अन्य प्रणालींनी तिलाच विचारावे, यासाठी ‘एलडॅप’ नावाची संकेतप्रणाली अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात तयार झाली. तिचा पहिला मसुदा १९९३ चा आहे. ईआरपीनेक्स्टमध्ये या नामावलीतील गट व आपले रोल यांची जोडी लिहून ठेवता येते. माणूस एलडॅपद्वारे आत येतो, त्या वेळी तो नामावलीत कोणत्या गटात आहे हे पाहून त्याचे रोल जुळवून घेतले जातात. गट बदलला असेल तर जोडीतील जुना रोल जातो व नवा येतो. जुळवणी आत येण्याच्या वेळी होते, हे ध्यानी ठेवले पाहिजे. जो मनुष्य सकाळी आत आला आणि दुपारी नामावलीतून काढला गेला, तो संध्याकाळपर्यंत आतच असू शकतो. अशा वेळी प्रणालीतही त्याचे नाव बंद करणे आवश्यक ठरते.

सॉफ्टवेअर लिहिणारे लोक ज्या गिटहब या व्यासपीठावर काम करतात, तेथील मोठ्या संस्थांसाठी असलेली पद्धत या संदर्भात उद्बोधक आहे. तेथील एखादी तुकडी बाहेरील नामावलीतील गटाशी एकदा जोडली की त्या तुकडीतील माणसे गिटहबवर हाताने वाढविता किंवा कमी करता येत नाहीत. बदल मूळ नामावलीतच करावा लागतो व तो तेथून उतरतो. मात्र संस्थेचा सभासद नसलेल्या माणसास ही जोडणी आपण होऊन सामान्यतः आत घेत नाही. आत घेणे हे एक काम आणि तुकडीत बसविणे हे दुसरे, असा भेद तेथे कटाक्षाने पाळला आहे.

लहान कंपनीला एवढ्या यंत्रणेची गरज नाही. एक वही, एक जबाबदार माणूस आणि दर सोमवारी दहा मिनिटे, एवढ्यावर बारा माणसांचे काम उत्तम चालते. त्यासाठी खर्चिक सल्लागार नेमण्याची घाई करू नये.

जाणाऱ्या माणसाविषयी

अधिकार देताना सर्वजण दक्ष असतात. काढून घेताना संकोच आड येतो. मनुष्य गावातलाच असतो, कोणाचा तरी भाचा असतो, आणि पुढच्या दसऱ्याला पुन्हा कामावर येणार असतो. त्याचे नाव बंद करणे म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखविणे, असे वाटते. वस्तुतः यात त्याचेही संरक्षण आहे. त्याच्या पश्चात त्याच्या नावाने कोणी एखादी पावती फिरविली, तर उत्तर देण्याची वेळ त्याच्यावरच येईल. नाव बंद असल्यास तो म्हणू शकतो की, त्या तारखेस आपण कंपनीत नव्हतो आणि आपले नाव चालतही नव्हते.

काम सोडणाऱ्याचे नाव पुसून टाकू नये. त्याने केलेल्या पावत्यांवर ते राहिलेच पाहिजे. नावापुढील चालू असल्याची खूण तेवढी काढावी. खूण काढताच प्रणाली त्याला बाहेर काढते आणि पुन्हा आत येऊ देत नाही. पुढील हंगामात तो परत आला तर तीच खूण पुन्हा करावी, मात्र त्या वेळी त्याचे पद व केंद्र नव्याने पाहावे. गेल्या साली तो निलंग्यास काट्यावर असेल आणि या साली रेणापूरला गोदामात असेल, तर जुन्या संचावर नवा चढवू नये, जुना काढून नवा लावावा. गोदामाचे जुने बंधनही बदलावे. शिवाय एखादा कागद कोणी त्याच्याशी स्वतंत्रपणे ‘शेअर’ केला असेल, तर तो अधिकार रोलच्या बाहेरून आलेला असल्यामुळे संच बदलला तरी जात नाही. तो त्या कागदावर जाऊनच काढावा लागतो. यासाठी वाटून दिलेल्या कागदांची सवयच लावू नये.

प्रणाली बसवून देणाऱ्या कंत्राटदाराचे नाव हे सर्वांत जास्त काळ विसरले जाणारे नाव होय. त्याला सुरुवातीस सर्वाधिकार द्यावेच लागतात. काम पुरे झाल्यावर ते काढून घ्यावेत आणि दुरुस्तीसाठी तो पुन्हा आला तर कामापुरते नाव चालू करून काम आटोपताच बंद करावे. ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ हे प्रणालीचे उपजत नाव असून त्याला कोणतेच बंधन लागू होत नाही. त्या नावाने रोजचे काम कधीही करू नये. त्याचा पासवर्ड लाखबंद पाकिटात घालून, पाकिटावर अध्यक्ष व मुख्य कार्यकारी अधिकारी यांच्या सह्या घेऊन तिजोरीत ठेवावा; पाकीट फोडले तर त्याची तारीख व कारण नोंदवून पासवर्ड बदलावा. व्यवस्थापकाचा रोल मात्र निदान दोघांच्या नावे असावा, नाहीतर एक आजारी पडताच कारभार अडतो आणि मग पुन्हा भिंतीवर चिठ्ठी लागते.

भिंतीवरची ही चिठ्ठी केवळ रागावून निघणार नाही. ती लागते याचे कारण काटेवाल्याला स्वतःचे नाव वेळेवर मिळालेले नसते. रांग उभी असताना त्याला ते मिळवून देणारा कोणीही उपलब्ध नसेल, तर तो दुसऱ्याचे वापरणारच. म्हणून प्रत्येक हंगामी माणसाचे नाव तो रुजू होण्याच्या आधल्या दिवशी तयार असावे आणि ते त्याच्या स्वतःच्या दूरध्वनीशी जोडलेले असावे. पासवर्डाबरोबर दूरध्वनीवर येणारा अंक मागण्याची सोय प्रणालीत आहे. निदान हिशेबनीस व मुख्य कार्यकारी अधिकारी यांच्यासाठी ती चालू करावी.

हंगामापूर्वीची चाचणी

मांडणी पूर्ण झाल्यावर ती कागदावर बरोबर दिसते म्हणून समाधान मानू नये. व्यवस्थापकाच्या नावाने पाहिल्यास सर्व काही ठीकच दिसते, कारण त्याला सर्व दिसते. औशाच्या काटेवाल्याच्या नावाने आत जाऊन निलंग्याची पावती शोधावी. ती सापडता कामा नये. स्वतः केलेली पावती कायम करण्याचा प्रयत्न करावा; ती होता कामा नये. सभासदाचा कागद उघडून बँक खाते दिसते का पाहावे. गोदामपालाच्या नावाने पैसे देण्याचा कागद उघडतो का तेही पाहावे. काय करता येते याबरोबरच काय करता येत नाही, हे पाहण्यासाठी ही चाचणी आहे. सर्व पदे मिळून हे काम एका दुपारचे आहे.

यासाठी योग्य वेळ म्हणजे वजनकाट्याची पडताळणी करून घेण्याचा सुमार. काट्यावर वैधमापनशास्त्र विभागाची मुद्रा उमटली, आर्द्रतामापक तपासून झाला, बारदान मोजून ठेवले, की त्याच आठवड्यात प्रणालीतील चालू नावांची यादी छापून घ्यावी आणि ती आस्थापनेच्या यादीशी एकेक नाव लावून ताडून पाहावी. ज्या नावाचा माणूस सापडत नाही ते नाव तेथेच बंद करावे. ज्याचे पद जुळत नाही त्याच्यापुढे तांबडी खूण करून दुसऱ्या दिवसापर्यंत दुरुस्त करावे. ताडलेल्या यादीवर मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याची सही घेऊन ती संचालक मंडळाच्या पुढील सभेत ठेवावी व इतिवृत्तास जोडावी. अंतर्गत लेखापरीक्षक आले म्हणजे पहिल्यांदा तीच मागतील.